गृहीतकं मॅक्सवेलच्या आधीची, आणि मुंबईतली

वायूचा दाब आणि तापमान त्याच्या धावत्या रेणूंवरून समजावणाऱ्या सिद्धांतात (वायूंचा गतिज सिद्धांत) रेणूंची टक्कर पूर्ण लवचिक, म्हणजे टकरीत एकूण गतिज ऊर्जा न घटणारी, मानतात; ही गणिताची सोय आहे, हे म्हणणं मला पटतं. पण ही सगळी मांडणी क्लॉशियस आणि मॅक्सवेल या एकोणिसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्रज्ञांपासून सुरू झाली असं म्हणतात, ते मात्र बरोबर नाही. जॉन जेम्स वॉटरस्टन हा स्कॉटिश माणूस मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदल कॅडेटांना शिकवायचा. सैरावैरा धावणारे, पूर्ण लवचिक रेणू गृहीत धरून त्याने 1845 साली इथूनच लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला निबंध पाठवला. तापमान सारखं असेल तर हलके रेणू जास्त वेगाने धावतात आणि वस्तुमान गुणिले वेगाच्या वर्गाची सरासरी सगळ्या वायूंत सारखीच येते, हे त्यात स्पष्ट आहे.

परीक्षकांनी तो निरर्थक ठरवला. वर सोसायटीने हस्तलिखितही परत दिलं नाही, याचा मला फार राग येतो. पुढे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेने तो निबंध शोधून 1892 मध्ये छापला. वॉटरस्टन 1883 मध्येच गेला होता.