मदत हवी आहे: होड्या-रापणीची जागा किनारा आराखड्यात नाही, आणि आता वाटेवर कुंपण पडले आहे

दर्याकाठ
नमस्कार मंडळी. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातील एका किनारी वाड्यासाठी माहिती हवी आहे. वाड्याच्या दोन रापणी (किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची लांब जाळी) आणि पंधरा-वीस होड्या आहेत. पावसाळ्यात होड्या वाळूच्या टेकडीच्या आडोशाला ओढून झावळ्यांच्या खोपीत ठेवतात, एरवी त्या भरतीरेषेजवळ असतात. टेकडीमागची जमीन खासगी, ती अलीकडे विकली गेली. नव्या मालकाने सिमेंटचे खांब पुरून टेकडीपर्यंत काटेरी तार ओढली. वाड्यातून किनाऱ्यावर उतरणारी वाट त्यात अडकली आहे. आता माणूस एकेरी जातो, पण इंजिन किंवा जाळ्याची मोट नेता येत नाही.

किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशात आमची जागा नुसती वाळू म्हणून दिसते. होड्या, खोपी, वाट, काहीच नाही. जिथे गेलो तिथे ‘हा आमचा विषय नव्हे’ असे तोंडी उत्तर मिळाले.

तक्रार नेमकी कुणाकडे करायची? नकाशात जागा कशी आणायची? पुरावा म्हणून काय चालते? फॉर्म १ व १४ वर (जमिनीच्या हक्काचा गोव्यातील उतारा) आमच्यापैकी कुणाचेच नाव नाही.

भरतीरेषा
कुंपण आणि नकाशा एका अर्जात घालू नका. कुंपणाच्या तक्रारीला मुदत असते, नकाशाचे काम सावकाश चालते. दोन्ही एकत्र केले की अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो आणि तेवढ्यात खांबांना भिंत येते. पुरावा मात्र दोन्हीकडे तोच लागतो, म्हणून तो आधी नीट करा.

आधी नकाशा. २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेच्या परिशिष्ट १ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की मच्छीमार गावे, मच्छीमारांच्या सामाईक जागा, धक्के, मासळी सुकवण्याच्या जागा हे सगळे सर्व्हे क्रमांक दाखवणाऱ्या मोठ्या नकाशावर दाखवलेच पाहिजे. मच्छीमार कुटुंबांच्या पुढच्या काळातील घरांच्या गरजेचा आराखडाही राज्याने करायचा आहे. म्हणजे तुम्ही सवलत मागत नाही, राहून गेलेली नोंद मागता आहात. अर्जाची भाषा तशीच ठेवा.

गोव्याचा २०११ नुसारचा आराखडा केंद्राने सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूर केला. २०१९ ची नवी अधिसूचना असली तरी तिच्याप्रमाणे आराखडा मंजूर होईपर्यंत जुनाच लागू राहतो. त्यामुळे मागणी दुहेरी हवी: आताच्या नकाशात दुरुस्ती, आणि २०१९ प्रमाणे होणाऱ्या आराखड्यात सुरुवातीपासून नोंद.

नकाशाचे प्रमाण बघितल्याशिवाय सही करू नका. १:२५,००० च्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. २० मीटर रुंदीचे सुकवणीचे खळे त्यावर एका रेघेच्या जाडीत संपते. १:४,००० वर तेच खळे ५ मिलिमीटरचे दिसते. लोकांना बहुतेक वेळा पहिला नकाशा दाखवतात, आणि ‘आहे की तुमचे गाव त्यात’ म्हणतात. दुसराच मागा.

तुमचा स्वतःचा नकाशा असा करा. भू-नोंदणी खात्यातून त्या भागाचा सर्व्हे प्लॅन काढा. मग फोनचा जीपीएस लावून जागेची हद्द चालत जा आणि प्रत्येक कोपऱ्यावर थांबून अक्षांश-रेखांश दशांशानंतर पाच आकड्यांपर्यंत लिहा. तिथे पाचवा आकडा साधारण एक मीटरचा असतो. तीनच आकडे लिहिले तर शंभर मीटरची चूक होते आणि तुमची खोप समुद्रात किंवा शेजाऱ्याच्या बागेत जाते. फोनचा अंदाज पाचेक मीटरने चुकतोच, म्हणून जवळचा सर्व्हे दगड, विहीर, घुमटी अशा पक्क्या खुणेपासून टेपने मोजलेले अंतरही शेजारी लिहा. प्रत्येक कोपऱ्यावर दोन फोटो: एक समुद्राकडे तोंड करून, एक जमिनीकडे.

भरतीरेषा मात्र स्वतः आखू नका. ती उधाणाच्या भरतीच्या सर्वोच्च पाण्यावरून ठरते आणि अधिकृत संस्थेनेच आखलेली चालते. तुमच्या नकाशावर हाताने काढलेली भरतीरेषा दिसली की समोरचा वकील सुरुवात तिथूनच करतो.

तारवटी
वर लिहिले आहे त्यात एक मोठी उणीव राहते: ऋतू. पाहणी बहुधा कोरड्या दिवसांत होते. तेव्हा होड्या खाली पाण्याजवळ असतात, खोपींची झावळे उतरवलेली असतात, आणि अहवालात ‘जागा रिकामी’ असे जाते. हीच जागा जून ते ऑगस्ट सर्वांत जास्त भरलेली असते. म्हणून त्याच कोपऱ्यांवरून, त्याच दिशेने, पावसाळ्यात एकदा आणि जानेवारी-मे मध्ये एकदा फोटो हवेत. मूळ फाइल तारखेसकट जपा. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या प्रतीत तारीख आणि जागेची माहिती गळून जाते.

रापणीच्या जागेचे मोजमाप करताना फक्त होडी उभी राहते तेवढे मोजू नका. जाळे दोन टोकांनी ओढतात, ओढणाऱ्यांच्या दोन रांगा लांब उभ्या राहतात आणि जाळे जवळ येईल तशा एकमेकींकडे सरकतात. मधला अख्खा किनारा मोकळा लागतो. त्यात एक शॅक (पर्यटकांसाठीचे तात्पुरते खानावळीचे खोपट) किंवा खाटांची रांग आली तर दोर अडकतो आणि रापण बंद पडते. दोन्ही दोरांच्या टोकांच्या जागा आणि मधला पट्टा नकाशात वेगळ्या रंगाने दाखवा. ही जागा दाखवली नाही तर ‘होड्यांना जागा ठेवली आहे’ म्हणून पाच मीटरचा तुकडा आखून देतात.

बायकांना विचारल्याशिवाय नकाशा पूर्ण झाला असे समजू नका. बांगडे, जवळा कुठे पसरतात, खारवण्याची पिंपे कुठे असतात, गोडे पाणी कुठून आणतात, मे महिन्यात पुरुमेताची (पावसाळ्याच्या बेगमीची) सुकी मासळी कुठे साठवतात, हे पुरुषांनी केलेल्या यादीत कधीच पूर्ण येत नाही. होडीची तरी नोंदणी असते, सुकवणीच्या खळ्याचा कागद कुठेच नसतो. म्हणून तीच जागा सर्वांत आधी जाते.

कागदांत होड्यांचे नोंदणी दाखले, रापणीच्या जाळ्यांची मच्छीमारी खात्यातील नोंदणी, डिझेल-पेट्रोल सवलतीची पासबुके घ्या. दाखल्यावर होडीचे ठिकाण म्हणून तुमच्याच किनाऱ्याचे नाव आहे का ते बघा. जवळच्या मोठ्या धक्क्याचे नाव पडले असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, नाहीतर तुमचाच दाखला तुमच्याविरुद्ध जातो.

दर्याकाठ
फार उपयोगी. १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा इथे लावता येतो का? आणि पाचशे सह्यांचे निवेदन द्यावे असे काहींचे म्हणणे आहे.

मानशीकार
तो कायदा पाण्यातल्या पट्ट्याबद्दल आहे: कुठली बोट, कुठले जाळे, किनाऱ्यापासून किती अंतरावर. वाळूवरच्या जागेला त्याचा आधार मिळत नाही. त्याच्या नावाने अर्ज दिला तर ‘हा आमचा विषय नव्हे’ हे उत्तर खरे ठरते.

सह्यांचे निवेदन द्या, पण त्यावर भिस्त ठेवू नका. आठ-दहा जुन्या जाणत्यांची प्रतिज्ञापत्रे अधिक वजनदार असतात, अट एवढीच की प्रत्येकाचा मजकूर वेगळा आणि नेमका हवा: वाट कुठून कुठे, किती रुंद, तिथून काय नेले जात असे, कधीपासून. एकाच मजकुराखाली नुसती नावे बदललेली प्रतिज्ञापत्रे उलटतपासणीत टिकत नाहीत.

आता कुंपण. तक्रार गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, प्रत उपजिल्हाधिकारी आणि पंचायतीला. तक्रारीत ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढेच लिहून भागत नाही. सर्व्हे क्रमांक, खांबांची संख्या, दोन खांबांतील अंतर, टेकडी कुठे कापली, काम कधी सुरू झाले, हे लिहा. मुद्दे तीन:

एक, वाळूची टेकडी सीआरझेड-१अ (पर्यावरणदृष्ट्या नाजूक भाग) मध्ये मोडते आणि ती कापणे किंवा सपाट करणे निषिद्ध आहे. जमीन खासगी असली तरी. दोन, भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्रात सिमेंटचे खांब कुणाच्या परवानगीने, हे विचारा. तीन, तिथे रिसॉर्ट होणार असेल तर २०११ च्या अधिसूचनेचे परिशिष्ट ३ जोडा. त्यात खासगी मालमत्तेला काटेरी तार चालते, पण ती वनस्पतींनी झाकलेली हवी आणि किनाऱ्यावर जाण्याची लोकांची वाट तिने अजिबात अडता कामा नये. दोन हॉटेलांमध्ये किमान २० मीटर रुंदीची मोकळी वाट सोडण्याची अटही तिथेच आहे.

वाट तातडीने मोकळी हवी असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (पूर्वीचे १३३) उपजिल्हाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक वाटेवरील अडथळा म्हणून वेगळा अर्ज करा. तिथे वाट सार्वजनिक असल्याचे दाखवावे लागते, म्हणून जुन्या सर्व्हे प्लॅनवर ती तुटक रेषेने दाखवली आहे का ते आधी बघा. असेल तर अर्धे काम झाले.

मुदतींकडे लक्ष द्या. राष्ट्रीय हरित लवादात कलम १४ खाली अर्ज करायला कारण प्रथम घडल्यापासून सहा महिने मिळतात, सबळ कारण दाखवले तर आणखी ६० दिवस. त्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली असेल आणि तिलाच आव्हान द्यायचे असेल तर अपिलाला ३० दिवस, वर ६० दिवस. प्राधिकरणाकडे तक्रार पडून आहे म्हणून ही घड्याळे थांबत नाहीत. गोव्यासाठी लवादाचे पुणे खंडपीठ आहे. नुकसानभरपाई मागितली नसेल तर अर्जाचे शुल्क १,००० रुपये.

आणि तार कापू नका, खांब उपटू नका. कितीही राग आला तरी. एका रात्रीत तक्रारदाराचे आरोपी होतात आणि पुढची दोन वर्षे त्या गुन्ह्याच्या तारखांना जातात.

भरतीरेषा
मानशीकारांशी सहमत. ग्रामसभेच्या ठरावाबद्दल थोडे. ‘पारंपरिक मच्छीमारांच्या हक्कांचे रक्षण व्हावे’ असा ठराव कुठल्याच फाइलीत उपयोगी पडत नाही. मजकूर साधारण असा ठेवा:

‘सर्व्हे क्रमांक अमुकच्या पश्चिमेचा, सोबतच्या नकाशात अ-ब-क-ड असा दाखवलेला भाग गावातील मच्छीमार होड्या ठेवणे, रापण ओढणे, जाळी दुरुस्त करणे व मासळी सुकवणे यासाठी सामाईकपणे वापरतात. अ ते इ ही तेथे जाण्याची वाट आहे. ग्रामसभा याची नोंद घेते व किनारा व्यवस्थापन आराखड्यात ती दाखवावी अशी मागणी करते. नकाशा ठरावाचा भाग समजावा.’

शेवटचे वाक्य विसरू नका. नकाशा जोडला नाही तर अ-ब-क-डला अर्थ उरत नाही. इतिवृत्ताची प्रमाणित प्रत सचिवांकडून लगेच घ्या. तीच नोंद पंचायतीच्या जैवविविधता समितीमार्फत लोकजैवविविधता नोंदवहीतही घाला, म्हणजे दुसऱ्या कायद्याखाली दुसरा कागद तयार होतो.

माहिती अधिकारात ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहू नका. हे मागा: तुमच्या गावाचा १:४,००० चा नकाशा, २०११ च्या अधिसूचनेतील गोव्यासाठीच्या खास तरतुदीनुसार मच्छीमार गावे अधिसूचित केल्याचा आदेश व यादी, त्या सर्व्हे क्रमांकासाठी दिलेल्या परवानग्या, आणि मूळ फाइल प्रत्यक्ष पाहण्याची मुभा. उत्तराला ३० दिवस, न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील.

दर्याकाठ
देव बरे करो. फॉर्म १ व १४ चे मात्र अजून कळले नाही. आमचे नावच नाही तर दावा कसला करायचा?

मानशीकार
मालकीचा दावा करूच नका. भरतीरेषेच्या खालची वाळू सरकारची आहे, टेकडीमागची त्या माणसाची. तुमचे म्हणणे वापराचे आणि वाटेचे आहे. अर्जात चुकून ‘आमची जमीन’ लिहिले की सगळे प्रकरण मालकीच्या वादात जाते आणि प्राधिकरण तुम्हाला दिवाणी न्यायालयाचा रस्ता दाखवते.

त्या खासगी जमिनीत कुणा मच्छीमाराचे राहते घर असेल तर ते वेगळे प्रकरण. त्यांनी १९७५ च्या मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) कायद्याखाली मामलेदाराकडे नोंदणीचा अर्ज स्वतंत्रपणे, आणि कुंपण त्या घराला लागण्याआधी करावा. घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले, जुनी रेशनकार्डे जोडावीत.

तारवटी
अजून एक. ऑक्टोबरमध्ये शॅक लागण्यापूर्वी पर्यटन खाते जागा आखते. तुमचा रंगवलेला नकाशा आणि ठराव तिथे त्याआधी पोचता करा. वाटप झाल्यावर शॅकवाल्याच्या हातात परवाना असतो आणि तोही बहुधा गावचाच असतो, मग भांडण गावातच लागते. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.