अवयव पडतील का नाही हे आधीच कसं ओळखायचं? (वर्गसमीकरणं, दहावी)

दहावी_अ
नमस्कार, वर्गसमीकरणात माझा सगळा वेळ अवयव पाडण्यातच जातो. ६क्ष² − ७क्ष − २० = ० हेच घ्या, ६ गुणिले २० म्हणजे १२०, आता १२० च्या इतक्या जोड्या होतात की एकेक बघत बसायचं. आणि क्ष² − ६क्ष − ४ = ० सारखं आलं की जोडी सापडतच नाही, मग कळत नाही मलाच दिसत नाहीये का अवयव पडतच नाहीत. काही ट्रिक आहे का? आणि शाब्दिक उदाहरणात मायनसवालं उत्तर खोडायचं एवढंच ना?

क्लासवाली ताई
अरे विवेचक (अक्ष² + बक्ष + क = ० मधला ब² − ४अक) आधी काढ ना! सगळे तो मुळांचं स्वरूप सांगायलाच वापरतात आणि इथे विसरतात. सहगुणक पूर्णांक असले आणि ब² − ४अक पूर्ण वर्ग आला तरच साधे अवयव पडतात. तुझ्या दुसऱ्यात ३६ + १६ = ५२, पूर्ण वर्ग नाही, म्हणजे जोडी शोधूच नको, सरळ सूत्र लाव, उत्तर ३ ± √१३. पहिल्यात ४९ + ४८० = ५२९, म्हणजे २३ चा वर्ग. आता खरी गंमत, जोडीसुद्धा यातूनच मिळते. (−७ + २३) भागिले २ = ८ आणि (−७ − २३) भागिले २ = −१५. झालं, मधलं पद + ८क्ष − १५क्ष असं फोड, (३क्ष + ४)(२क्ष − ५). पेपरात 'अवयव पद्धतीने सोडवा' असलं तर हे कच्चं काम बाजूला कर आणि फोड नेहमीसारखी लिही.

बीजगणितप्रेमी
ताईंचं बरोबर. पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवताना अपूर्णांकांनी वैताग येत असेल तर जुने गणिती श्रीधराचार्य यांची रीत बघ, भास्कराचार्यांनी 'बीजगणित'मध्ये ती त्यांच्या नावानिशी दिलीय. दोन्ही बाजूंना ४अ ने गुणायचं आणि ब² मिळवायचा. तुझ्याच उदाहरणात २४ ने गुण, १४४क्ष² − १६८क्ष = ४८०, दोन्हीकडे ४९ मिळव, (१२क्ष − ७)² = ५२९, म्हणून १२क्ष − ७ = ±२३, क्ष = ५/२ किंवा −४/३. मध्ये एकही अपूर्णांक नाही, आणि सूत्र आलं कुठून तेही यातच दिसतं.

आता खोडण्याबद्दल. मायनस दिसलं म्हणून खोडू नकोस, उत्तर उदाहरणात ठेवून बघ. त्याच ग्रंथात माकडांची दोन उदाहरणं आहेत. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी माकडं वनात खेळतायत आणि उरलेली १२ डोंगरावर, तर उत्तर ४८ किंवा १६, दोन्ही चालतात. दुसऱ्यात पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग केला एवढी माकडं गुहेत गेली, एक दिसतंय, तर ५० किंवा ५. इथे ५ जातो, तो प्लस असूनसुद्धा, कारण ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ माकडं कमी कशी करणार?

दहावी_अ
थँक्यू ताई, दादा! २क्ष² + १३क्ष − २४ = ० करून बघितलं, विवेचक ३६१ म्हणजे १९ चा वर्ग, जोडी १६ आणि −३, (२क्ष − ३)(क्ष + ८), म्हणजे ३/२ आणि −८. बरोबर ना?

क्लासवाली ताई
एकदम बरोबर. आता ३६१, ५२९, ६२५ हे ओळखू यावेत म्हणून ३० पर्यंतचे वर्ग पाठ करून टाक.