लॅपटॉपवर आधीपासून असलेलं विंडोज ११ उबंटूतून क्यूईएमयूमध्ये कसं चालवावं?

दुहेरीबूट (प्रश्न)

एकाच ५१२ जीबी एनव्हीएमई डिस्कवर विंडोज ११ आणि उबंटू २४.०४ आहेत. रॅम १६ जीबी. हिशेबाचं एक सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, त्यासाठी दर वेळी रीस्टार्ट करावं लागतं. नवं विंडोज टाकायचं नाही. तिसऱ्या पार्टिशनवर जे आहे तेच व्हर्च्युअल मशीनमध्ये (क्यूईएमयू उबंटूच्या आत चालवतो तो आभासी संगणक) उघडायचंय, आणि अधूनमधून थेट बूटही करता यायला हवं. विर्ट-मॅनेजरमध्ये (क्यूईएमयूची मशीनं सांभाळणारं ॲप) अख्खी डिस्क जोडली तर ग्रबचा, म्हणजे कोणती सिस्टिम बूट करायची ते विचारणारा मेनू दिसतो. तिथून विंडोज निवडू का?

कर्नलकट्टा

नका निवडू, आणि ती डिस्क आधी मशीनमधून काढा. त्या मेनूत उबंटूचीही ओळ आहे. चुकून तिच्यावर एंटर दाबलं गेलं, तर बाहेर चालू असलेलं उबंटू आतही सुरू होईल. एकच एक्स्ट४ फाइल सिस्टिम दोन कर्नल (सिस्टिमचे गाभे) एकाच वेळी लिहायला लागले की काही मिनिटांत तिची वाट लागते, आणि मग एफएससीकेने (फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी कमांड) जे वाचेल ते तुमचं.

डिस्कला हात लावण्याआधी खऱ्या विंडोजमध्ये तीन कामं उरका.

पहिलं, ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ’, म्हणजे हायबरनेशन आणि त्याबरोबर फास्ट स्टार्टअप बंद. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ म्हणजे अर्धवट हायबरनेशन असतं. एका हार्डवेअरवर गोठवलेला कर्नल दुसऱ्यावर जागा झाला की गोंधळ ठरलेलाच.

दुसरं, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन. विंडोज ११ मध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन बरेचदा आपोआप चालू झालेलं असतं. किल्ली लॅपटॉपच्या टीपीएममध्ये (सुरक्षेची चिप) असते, ती व्हर्च्युअल मशीनला मिळत नाही, म्हणून दर बूटला ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाईल. ती आधी कागदावर उतरवून घ्या. संरक्षण तात्पुरतं थांबवता येतं, पण तेवढा काळ किल्ली डिस्कवरच उघडी राहते. लॅपटॉप बाहेर नेत असाल तर मी ते सुचवणार नाही.

तिसरं, अकाउंटचा पासवर्ड पाठ हवा. विंडोज हॅलोचा पिनही टीपीएमशी बांधलेला असतो, तो आत चालणार नाही.

सेक्टर५१२

वरचं सगळं करा. आता मुख्य मुद्दा: मशीनला अख्खी डिस्क न देता फक्त विंडोजचं पार्टिशन द्यायचं, पण खोट्या डिस्कच्या वेष्टनात. नुसतं पार्टिशन दिलं तर त्यात ना जीपीटी तक्ता (डिस्कवरच्या पार्टिशनांची यादी), ना ईएफआय पार्टिशन (बूट फाइलींचं), त्यामुळे ओव्हीएमएफला (व्हर्च्युअल मशीनचं यूईएफआय फर्मवेअर) बूट करण्यासारखं काहीच सापडत नाही.

‘ट्रंकेट’ने दोन फाइली करा, एक १०० एमबी, दुसरी १ एमबी. दोन्ही ‘लोसेटअप’ने लूप डिव्हाइस म्हणून, म्हणजे फाइलच डिस्क असल्यासारखी, जोडा. मग तुकडे एकापुढे एक जोडून एक डिस्क भासवणाऱ्या ‘डीएमसेटअप’चा लिनिअर तक्ता तीन ओळींचा: शून्यापासून २०४८०० सेक्टर पहिला लूप, तिथून पुढे विंडोजचं पार्टिशन, आणि शेवटी २०४८ सेक्टर दुसरा लूप, जिथे जीपीटीची राखीव प्रत बसते. पार्टिशनचे सेक्टर ‘ब्लॉकडेव्ह गेटएसझेड’ने मोजा, अंदाजाने लिहू नका. ‘गेटएसएस’ने सेक्टर ५१२ बाइटचाच आहे हेही पाहा, ४०९६ चा असेल तर हे आकडे चालणार नाहीत.

अशा तयार झालेल्या जोड-डिस्कवर (मॅपर डिव्हाइस) ‘पार्टेड’ने जीपीटी लिहा: पहिलं पार्टिशन २०४८ ते २०४७९९ आणि त्याला ईएसपी (ईएफआय पार्टिशन) खूण, दुसरं बरोबर २०४८०० पासून, विंडोजच्या पार्टिशनइतक्याच लांबीचं. सुरुवात एका सेक्टरने जरी सरकली तरी विंडोजची एनटीएफएस फाइल सिस्टिम ओळखू येत नाही. फॉरमॅट मात्र इथे काहीही करू नका.

यानंतर विंडोजच्या आयएसओवरून मशीन बूट करून शिफ्ट-एफ१० दाबा. ‘डिस्कपार्ट’मध्ये फक्त १०० एमबीचं पार्टिशन फॅट३२ करून त्याला एस अक्षर द्या. ‘क्लीन’ हा शब्द तिथे टाइपच करायचा नाही, त्याने डिस्कचा पार्टिशन तक्ता पुसला जातो. विंडोजला कोणतं अक्षर मिळालंय ते ‘लिस्ट व्हॉल्यूम’ने पाहा (सी असेलच असं नाही), आणि त्याच्या विंडोज फोल्डरवर ‘बीसीडीबूट’ चालवून बूट फाइली एसवर टाका. खऱ्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनला धक्का लागत नाही, म्हणून थेट बूट पूर्वीसारखंच चालतं.

आणखी एक फायदा: पार्टिशन उबंटूत माउंट असेल तर डीएमसेटअप ‘डिव्हाइस बिझी’ म्हणून नकार देतो. हा नकार मोडून काढू नका. फाइल मॅनेजरमधून ते अनमाउंट करा, एफएसटॅबमध्ये (आपोआप माउंट होणाऱ्या पार्टिशनांची यादी) ओळ असेल तर काढून टाका.

कर्नलकट्टा

निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं तर तो स्टोरेज ड्रायव्हरचा प्रश्न. सुरुवातीला विर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठीची खास डिस्क, जिचा ड्रायव्हर विंडोजमध्ये नसतो) नकोच. खरं विंडोज एनव्हीएमईवरून चालतंय, तर क्यूईएमयूतही एनव्हीएमई डिव्हाइसच द्या (सिरिअल लिहावा लागतो, नाहीतर ते सुरू होत नाही). बायोसमध्ये इंटेलचं व्हीएमडी (एनव्हीएमई डिस्क हाताळणारी सोय) चालू असेल तर विंडोज वेगळ्या ड्रायव्हरवर असतं. तेव्हा एकदा सेफ मोडची खूण करून आत बूट करा, मग ती खूण काढा.

दुहेरीबूट

बूट झालं, एनव्हीएमईनेच. दोन अडचणी उरल्या: आतलं घड्याळ साडेपाच तास मागे आहे, आणि विंडोज ‘ॲक्टिव्हेट करा’ म्हणतंय.

सेक्टर५१२

घड्याळ: क्यूईएमयू मुळात यूटीसी देतो, विंडोज ते स्थानिक वेळ समजतं. मशीनच्या एक्सएमएल सेटिंगमध्ये क्लॉक ऑफसेट ‘लोकलटाइम’ करा.

ॲक्टिव्हेशन: डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, आणि व्हर्च्युअल मशीन परवान्याच्या दृष्टीने वेगळं यंत्र धरलं जातं. नियमाने त्याला स्वतंत्र परवाना लागतो.

लूप आणि मॅपर रीस्टार्टनंतर उरत नाहीत, तेवढी स्क्रिप्ट लिहून ठेवा. डिस्कचं कॅशे ‘नन’ ठेवा. मोठे विंडोज अपडेट मात्र थेट बूट करूनच घ्या, कारण आतून घेतले तर बूट फाइली फक्त खोट्या ईएफआयवर बदलतात आणि खऱ्यावर जुन्याच राहतात.