मदत हवी आहे: गरोदर माता आणि नवजात बाळांवर संशोधन करायचंय, एपिडेमिओलॉजीत (आजार कुणाला आणि का होतात याचा लोकांमध्ये जाऊन अभ्यास) कसं जायचं?

नमस्कार मंडळी, मी बीएएमएस, दीड वर्ष मेळघाटातल्या धारणी तालुक्यात पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) होते. कमी वजनाची बाळं, अंगात रक्त नसलेल्या आया रोज बघितल्या आणि एका आठवड्यात दोन बाळं गेली तेव्हापासून वाटतंय की एकेक पेशंट तपासून पुरणार नाही, हे का होतंय ते गावोगाव जाऊन मोजायला पाहिजे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत ३९ गावांत तिथल्याच बायकांना शिकवून बाळांची घरीच काळजी घ्यायची सोय केली, दुसऱ्या ४७ गावांशी तुलना केली तर तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्के कमी निघाला, १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आलं, ते वाचल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही.

तर एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) करू का? टिसला (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) की चेन्नईच्या एनआयईला (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिओलॉजी)? बीएएमएसवाल्यांना पुढे पीएचडी मिळते का? स्टॅटिस्टिक्स कच्चं आहे, आकडेवारीच्या सॉफ्टवेअरपैकी आधी आर (R) शिकू की स्टाटा (Stata)? पुण्याजवळच्या गावांत डॉ. याज्ञिकांचा गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास झालाय, तशा फील्डवर काम केलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा, घरचे क्लिनिक टाक म्हणून मागे लागलेत.