प्रति: पहिल्या ट्रेकला क्लबबरोबर जावं का?

वर कुणीतरी म्हटलंय की राजमाची किल्ल्याला ट्रेकिंग क्लबची काय गरज, मित्रांबरोबर जा. पटतंय, पण अर्धंच. लोणावळ्याहून गेलात तर साधारण १५ किमी जवळजवळ सपाट चाल आहे, चढ फारसा नाही पण पाय बोलायला लागतात, आणि कर्जतकडून कोंदिवड्यातून आलात तर अंतर कमी पण चढ चांगलाच घाम काढतो, वाटेत कोंढाणे लेणी बघून होतात हा बोनस. नवख्यांना नेमकी कुठली वाट ते क्लबला आधी विचारा, बरेच जण नुसतं 'इझी' लिहून मोकळे होतात.

दुसरं म्हणजे क्लबवाले माणसं किती नेणारेत आणि सगळ्यात मागे कोण चालणार. पुढे पळणारे लीडर ढीगभर मिळतात हो, सगळ्यात मागच्या दमलेल्या माणसाबरोबर न कुरकुरता चालणारा एक तरी पाहिजे.

कॅम्पिंग असेल तर किल्ल्याखालच्या उधेवाडी गावात गावकऱ्यांकडेच जेवा, पिठलं-भाकरी गरम मिळते आणि पैसे गावात राहतात. काजव्यांच्या सीझनला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, वीकेंडला जाऊच नका, काजव्यांपेक्षा मोबाईलचे टॉर्च जास्त दिसतात. आणि ब्लूटूथ स्पीकरवाला ग्रुप असेल तर सरळ कॅन्सल करा.