मनात नसताना शरीर प्रतिसाद देते, हा आजार आहे का?

प्रश्न : माझे वय ३४ आहे. पहाटे जाग येते तेव्हा, आणि कधी कधी डॉक्टर तपासत असतानाही, मनात कोणताही लैंगिक विचार नसताना लिंगाला ताठरता येते. त्याची फार लाज वाटते. उपचार घ्यावेत का?

उत्तर : ही विकृती नाही, हे आधी मनावर घ्या. ताठरतेचे नियंत्रण स्वायत्त, म्हणजे आपल्या इच्छेविना आपोआप चालणारी, मज्जासंस्था करते. स्पर्श झाला, तरी मज्जारज्जूच्या खालच्या भागातून इच्छेविना प्रतिक्षेप घडू शकतो, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना हे चांगले ठाऊक असते. निरोगी पुरुषांत आरईएम झोपेत (डोळे वेगाने हलतात आणि स्वप्ने पडतात, त्या झोपेत) हे रात्रीतून साधारण ३ ते ५ वेळा घडते; स्त्रियांच्या जननेंद्रियांचा रक्तप्रवाहही त्या झोपेत वाढतो. उलट पहाटेची ताठरता बरेच दिवस बंद राहिली, तर मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे विकार तपासून घ्यावेत.

उत्तर : वरील माहितीला एक जोड द्यावीशी वाटते. लैंगिक अत्याचार सोसलेल्या अनेक स्त्री-पुरुषांना, त्या वेळी शरीराने प्रतिसाद दिला म्हणून, वर्षानुवर्षे अपराधी वाटत राहते आणि ते कोणाजवळ बोलतही नाहीत. असा प्रतिसाद भीतीतही घडतो. तो संमतीचा पुरावा मुळीच नाही. हे ओझे समुपदेशकापाशी जरूर उतरवावे.

उत्तर : ताठरता ४ तासांहून अधिक टिकली, तर लाज बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठा, विलंबाने ऊतींना कायमची इजा होऊ शकते.