अनुभव धागा: छप्पन्यानंतरचं बडोदं, दळणकांडण करणारी विधवा आणि पोरांची शाळा

छप्पन्याचा दुष्काळ (१८९९-१९००) ते पहिलं महायुद्ध या काळातल्या बडोद्यावर, कष्टकरी विधवा आणि तिच्या मुलांच्या शिक्षणावर कादंबरी लिहिताना कुठे ठेच लागते? जाणकारांनी बारकाव्यांसह लिहावं. (खाली उत्तरं देणाऱ्यांची टोपणनावं आहेत.)

मांडवी
आधी साल पक्कं करा. बडोद्याचे महाराज सयाजीराव यांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १८९३मध्ये अमरेली भागात सुरू केलं, साऱ्या संस्थानात १९०६मध्ये. शहरातल्या पोरावर १९००मध्येच सक्ती दाखवली की पुढचं कथानकच कोसळतं. १९०६च्या कायद्यात मुलगा ७ ते १२, मुलगी ७ ते १०. मूल शाळेत नसेल तर पालकाला दंड. फी नाही हे खरं, पण धाकट्याला सांभाळणारी नऊ वर्षांची पोर शाळेत गेली तर आईने दळायला कसं जायचं? आणि दहा पूर्ण झाली की तिची सक्ती सुटते, भावाची चालूच राहते. बहीण-भावाच्या वाटा इथेच फुटतात. माझ्या मते कादंबरीचा कणा हाच.

दांडिया बाजार
केशवपन आणि लाल आलवण (विधवेचं लुगडं) सरसकट नको. ती चाल मुख्यतः ब्राह्मण घरांतली. बऱ्याच कष्टकरी जातींत पाट (विधवेचं दुसरं लग्न) लागायचा, पण पहिल्या नवऱ्याची मुलं बहुधा त्याच्या भाऊबंदांकडेच राहायची. तिने पाट का लावला नाही, याचं उत्तर तिथे आहे. ते तिच्या तोंडी भाषण म्हणून घालू नका, दीर उंबऱ्याशी बसून थोरल्याला "किती वर्षं झाली रे तुला?" विचारतो, एवढं पुरतं.

रावपुरा
हिशेब. १ रुपया म्हणजे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. दुष्काळाच्या वर्षांत संस्थानचा स्वतःचा बाबाशाही रुपया चालत होता. इंग्रजी रुपयाशी बदलताना बट्टा (कटौती) बसायचा, तो विसरू नका. व्याज रुपयाला महिना आणा धरलं तर पाच रुपयांवर वर्षाला ३ रुपये १२ आणे होतात, म्हणजे शेकडा ७५. पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) पाठ असलेलं पोर हे तोंडी सांगेल. पण सावकार वाणी असेल तर वही गुजरातीत. मराठी शाळेतली बाळबोध (देवनागरी) लिपी तिथे अडते. हा प्रसंग सोन्यासारखा आहे, वाया घालवू नका.

मणाचंही बघा. गुजरातचा मण बंगाली मणाच्या साधारण निम्मा. सदतीस किलोंचा मण धरून दळण लिहिलंत तर बाई एका सकाळीत दुप्पट दळताना दिसेल.

वाडी
तिथी जुळवताना: गुजराती आणि मराठी पंचांगांत महिने सारखेच, पण गुजराती साल कार्तिकात बदलतं, शके चैत्रात. पाऊस हुकला तो १८९९चा, म्हणजे संवत १९५५चा. दिवाळीनंतर १९५६ लागलं, म्हणून छप्पन्या. संस्थानची लोकसंख्या १८९१ला २४ लाखांवर होती, १९०१ला साडेएकोणीस. गल्लीत ती एकटी विधवा नसणार.

संस्थानचं गॅझेटियर १९२३चं आहे. त्यातले शाळांचे आकडे १९०८च्या प्रसंगात उचलून टाकू नका. १९०१ आणि १९११च्या शिरगणतीशी ताडून बघा.